कायलेकाका

श्रीधरकाका सकाळी फाटकावर उभे असले की आमच्या पुसदच्या गल्लीतली शहाणी माणसं मागच्या बोळानं जायची. दूधवाला तर कायमचाच बोळातून यायला लागला होता. मी काही अडाणी नव्हते, पण माझी स्कूटी बोळातून निघायची नाही. त्यामुळे दवाखान्यात ड्यूटीवर जाताना रोज मी काकांच्या तावडीत सापडायची.

"सिस्टर, कुठी चालल्या?" ते विचारायचे. माझ्या अंगावर नर्सचे पांढरे कपडे, खांद्याला पर्स, हातात डबा. तरी हा माणूस विचारणार. मी सांगायची, ड्यूटीवर. मग लगेच, "ड्यूटी कायले?" पगारासाठी. "पगार कायले?" घर चालवायला. "घर कायले चालवता?" इथं माझं डोकं फिरायचं. मी म्हणायची, काका, मला उशीर होतोय. त्यावर ते समाधानानं मान हलवायचे आणि सांगायचे, आज तुम्ही घरापर्यंत आल्या, काल पगारावरच अटकल्या होत्या. जणू मी त्यांच्याकडे शिकवणी लावली होती.

सगळी गल्ली त्यांना पाठीमागे कायलेकाका म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

खरं तर काकांचं घराणं कचेरीतलं. आजोबा तहसिलीत, वडील कोर्टात, आणि काका स्वतः भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या शेताच्या धुऱ्याबांधाची भांडणं मोजून दिली. घरात सगळे पुस्तकात असतं तसं मराठी बोलणारे. काकू अमरावतीच्या एका हेडमास्तरांची मुलगी, त्यांच्या तोंडून 'मले' आणि 'तुले' कधी आलं नाही. काकांनी मात्र नोकरीत असतानाच वऱ्हाडी धरली ती सोडली नाही. काकू म्हणायच्या, माणसं म्हातारपणी देवाला लागतात, हे गावंढळ बोलायला लागले.

यामागे काकांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही सांगू शकेन. त्यांचं म्हणणं असं, की 'का' हा एकच शब्द घेऊन माणसाचं भागत नाही. आपल्या बोलीत दोन आहेत. 'काहून' मागं पाहते आणि 'कायले' पुढं पाहते. पाऊस काहून आला? ढग आले म्हणून. झालं, मिटलं. पण पाऊस कायले आला? हं, आता सांगा. मग ते पुढं म्हणायचे, डॉक्टर काहून विचारते, पोलीस काहून विचारते, मास्तर काहून विचारते. सारं जग काहूनच्या मागं लागलं आहे. कायले विचारणारा एकही माणूस सरकारनं नेमला नाही. ती जागा रिकामी आहे, म्हणून मी बिनपगारी सांभाळून राह्यलो.

एकदा मी त्यांना म्हटलं, शुद्ध मराठीत 'कशाला' आहे की. काका खूश झाले, कारण त्यांना वादाला कोणी तरी मिळालं. म्हणाले, 'कशाला'मध्ये आधीच 'नाही' भरलेलं असते.

पण गंमत अशी की आमच्या 'कायले'चंही तेच आहे. आमच्याकडे हा शब्द प्रश्नासाठी कमी आणि नको म्हणायला जास्त वापरतात. पाहुण्याला चहा विचारा, तो "कायले?" म्हणतो आणि दोन कप पितो. कोणी नवीन काही करायला निघालं की घरचे "कायले?" म्हणतात, म्हणजे गप बस. कायले विचारून खरोखरच उत्तराची वाट पाहणारे अख्ख्या जिल्ह्यात श्रीधरकाका एकटेच असतील. ते विचारायचे आणि थांबायचे. चष्मा कपाळावर चढवून, एक हात फाटकावर ठेवून, मोजणीची साखळी पलीकडून ताणली जाण्याची वाट पाहावी तसे. समोरच्याला हे थांबणं कळायचं नाही. त्याला वाटायचं, म्हाताऱ्यानं आपल्याला हाणलं.

यावरून काय काय झालं ते सांगते.

शेजारच्या वंदनाला पाहायला दिग्रसहून मंडळी आली होती. तिचे वडील नव्हते, म्हणून वडीलधारे म्हणून काकांना बसवलेलं. काकूंनी आधीच दम भरून ठेवला होता, हवापाण्यावर बोला, बाकी काही नको. काका बिचारे बराच वेळ हवापाण्यावर बोललेही. पण मी पोह्यांच्या बश्या घेऊन आले आणि त्यांना राहवलं नाही. मुलाकडे वळून अगदी प्रेमानं त्यांनी विचारलं, "लग्न कायले करता?"

मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवली. म्हणजे काय म्हणायचं आहे तुम्हाला, आमच्या पोरात खोट काढता काय, असं म्हणत ते उठले आणि चपला शोधायला लागले. वंदनाच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. आतून काकूंनी कपाळावर हात मारलेला मला बाहेरपर्यंत ऐकू आला. आणि काका? काका चष्मा कपाळावर चढवून मुलाकडे पाहत थांबलेले. मामा गेले काय आणि राहिले काय, त्यांना उत्तर हवं होतं.

तो मुलगा एका खेड्यातल्या शाळेवर मास्तर. कान लाल झाले त्याचे. मग खाली मान घालून तो म्हणाला, "खोली करून राहतो जी. एकट्यानं जेवतो. भाजी चांगली झाली तं सांगाले कोणी नसते."

इतका वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसलेल्या वंदनानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. तिथंच जमलं ते लग्न. मामांना परत बसवायला मात्र आणखी पोहे करावे लागले.

दुसरा किस्सा फुलसिंग राठोडच्या तांड्यावरचा. फुलसिंगभाऊ काकांचे जुने स्नेही. पूर्वी त्यांच्या शेताच्या मोजणीला काका गेलते आणि तेव्हापासून दर संक्रांतीला त्यांच्याकडून तुरीच्या शेंगा यायच्या. कापसाची ती वाईट वर्षं चालू होती. बोंडं किडत होती, भाव पडत होते, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येत होतं, नको त्या कारणासाठी. पांढऱ्या गाड्या यायच्या. साहेब लोक उतरायचे, बियाणं काहून हेच घेतलं, फवारणी काहून उशिरा केली, असं विचारायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. अशीच एक गाडी तांड्यावर येणार होती. कचेरीतली भाषा कळणारं कोणी तरी जवळ असावं, म्हणून फुलसिंगभाऊंनी काकांना नेलं.

साहेबांचं विचारून झाल्यावर काकांनी हात वर केला आणि म्हणाले, साहेब, तुम्ही आले कायले?

तांड्यावर टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यानं साहेबाला चांगलं सुनावलं म्हणून पोरांनी शिट्ट्या मारल्या. सोबतचा शिपाई काकांच्या दिशेनं निघाला. काका गोंधळून सगळ्यांना सांगत होते, अरे थांबा, मी खरंच विचारून राह्यलो. साहेब वयानं लहान होता. टाळ्या थांबल्यावर तो हळूच म्हणाला, मला पाठवलं म्हणून आलो काका, कशाला ते मलाही नीट माहीत नाही.

काका घरी येऊन दोन दिवस त्या साहेबाचं कौतुक करत होते. म्हणत होते, माणूस खरा आहे, सुधारू शकते. फुलसिंगभाऊ मला नंतर म्हणाले, सिस्टर, तुमच्या काकांनी माझ्या म्हशीलेही सोडलं नाही, चारा कायले खाते म्हणून विचारलं. मी म्हटलं, मग म्हशीनं काय सांगितलं? म्हणाले, "ते खात राह्यली. मले तं ते उत्तर पटलं."

हे सगळं हसण्यावारी होतं. माझ्या घरात दिनू येईपर्यंत.

दिनू माझा धाकटा भाऊ. आमचं माहेर वणीकडचं, राजूरचं. वडील कोळशाच्या खाणीत होते, त्यामुळे यंत्राची आवड त्याला घरातच लागली. फिटर झाला आणि ढाणकीला एका जिनिंगवर लागला. ती जिनिंग त्याच्या जिवावर चालायची म्हटलं तरी चालेल. पट्ट्याचा आवाज ऐकून तो सांगायचा, बेअरिंग जाणार. मग कापूस यायचा थांबला, जिनिंगला कुलूप लागलं, आणि त्याच महिन्यात त्याचं जमलेलं लग्न मोडलं. मी जाऊन त्याला घेऊन आले.

आला तो बोलेचना. मागच्या अंगणात तुळशीजवळच्या कट्ट्यावर बसायचा. ताट ठेवलं तर थोडं खायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. मी सरकारी दवाखान्यातली नर्स. त्या वर्षांत माझ्या ड्यूटीवर काय काय येत होतं ते मी इथं सांगत नाही, कारण ते सांगायला बसले तर हे लिहिणं बाजूला राहील. पण ती नजर मला ओळखता येत होती. आपल्या भावाच्या डोळ्यात ती दिसली की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मी भ्यायले होते. त्याला घरात एकटं ठेवायचं नाही, एवढं मी आणि माझ्या नवऱ्यानं न बोलता ठरवलं होतं. आमच्याकडे उठताबसता "जाऊ दे, मरो ते" म्हणायची सवय असते, दूध उतू गेलं तरी मरो म्हणतात. त्या दिवसांत आम्ही तो शब्दसुद्धा गिळून टाकत होतो. सगळे त्याच्याशी लाडानं बोलायचे. काहून जेवला नाहीस, काहून झोपला नाहीस, काहून असा बसलास. तो हसायचा नुसता, आणि ते हसू रडण्यापेक्षा वाईट होतं.

श्रीधरकाकांना मी बजावून ठेवलं होतं, काका, याच्याशी तुमचं ते सुरू करायचं नाही. त्यांनी मुकाट्यानं मान हलवली होती.

एक दिवस दुपारची मी ड्यूटीवरून आले. स्वयंपाकघरात भाकरी थापायला घेतली. मागच्या अंगणात काका दिनूजवळ बसलेले खिडकीतून दिसले. मला बरं वाटलं, म्हातारं सोबत करतंय. आणि मग मी माझ्या कानांनी ऐकलं.

"दिनू, जगतो कायले?"

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आले. पिठाच्या हातानं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण काका, लाज नाही वाटत का तुम्हाला, माझं पोर कडेला उभं आहे आणि तुम्ही धक्का देता, असं काही तरी बोलले, आणि चालते व्हा म्हणाले. त्या वेळी मला जे ऐकू आलं ते ऐकून कोणतीही बहीण हेच बोलली असती, आणि आजही बोलेन. आमच्याकडे त्या वाक्याचा अर्थ एकच होतो. जगून काय करतोस.

काका उठले नाहीत. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि ते दिनूकडे पाहत होते.

दिनू म्हणाला, "ताई, थांब. जाऊ देऊ नको त्याईले."

कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य आलं नव्हतं. मी जागच्या जागी उभी राहिले. तो पुढं म्हणाला, "सारे मले काहून विचारून राह्यले. काहून, काहून. मी काय सांगू? माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरून राह्यली, कायले म्हणून. ते फक्त याईनं विचारली."

मग तो काकांना म्हणाला, मले नाही माहीत काका. तुम्हीच सांगा.

मला वाटलं, आता म्हातारं प्रवचन देणार. जीवन सुंदर आहे वगैरे. तसं झालं असतं तर मी खरंच हाकललं असतं. पण काका म्हणाले, "मलेही नाही माहीत बाप्पा. म्हणून तं विचारून राह्यलो. जन्म गेला, अजून शोधूनच राह्यलो."

दिनूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी तरी आपल्याच गावचं परक्या स्टँडवर भेटावं. मग काकांनी आपला हात पुढं केला आणि करार मांडला. दोघांनीही शोधायचं. ज्याला आधी सापडेल त्यानं दुसऱ्याला सांगायचं. आणि सांगितल्याशिवाय कोणी जायचं नाही. "कबूल?"

दिनू त्या हाताकडे पाहत होता. मी पिठाचे हात पदराला पुसत उभी होते आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना बोलावत होते. शेवटी त्यानं काकांच्या हातावर हात ठेवला. भाकरी जळून कोळसा झाली होती. मी ती काढून टाकली आणि दुसरी थापताना खूप रडले.

दुसऱ्या दिवशी काका फाटकावर मलाच भेटायला उभे होते. म्हणाले, सिस्टर, याले यवतमाळले मोठ्या डॉक्टरकडं न्या. मी म्हटलं, काका, तुम्ही आणि डॉक्टर? तर म्हणाले, "काहूनचं डॉक्टर पाहीन. कायलेचं मी पाहतो." अशी कामाची वाटणी मी आमच्या खात्यातसुद्धा पाहिलेली नाही. मी दिनूला नेलं. गोळ्या सुरू झाल्या, झोप यायला लागली. आणि संध्याकाळी काकांच्या ओसरीवर दोघांची कायलेची बैठक बसायला लागली.

काय ती बैठक! दिनू काही तरी शोधून आणायचा आणि काका जुन्या सवयीनं त्याची मोजणी करायचे. एकदा तो म्हणाला, बंद पडलेलं यंत्र सुरू होताना पहिला एक आवाज येते, तो ऐकण्यासाठी जगावं असं वाटते. काकांनी विचार करून फेटाळलं. म्हणाले, ही तुझी हद्द झाली, माझ्या वावरात नाही येत, मले तं मिक्सरचा आवाज झाला की कानात बोटं घालावी वाटते. दिनू चिडला. त्यानं उठून काकूंचा जुना बंद मिक्सर खोलला, दुरुस्त केला आणि काकांच्या कानाशी लावून सुरू केला. काकू आतून म्हणाल्या, "तुमच्या त्या कायलेचं काही होवो न होवो, माझी चटणी वाटून झाली."

मग गल्लीतले पंखे आले, मोटारी आल्या, फुलसिंगभाऊंचा पंप आला. दिनू हातानं काम करायचा आणि तोंडानं काकांशी भांडायचा. पुढं स्टँडमागे त्यानं छोटंसं दुकान टाकलं. काका स्टूल घेऊन तिथं बसायला लागले. गिऱ्हाईक पंखा घेऊन यायचं, काका विचारायचे, पंखा कायले? आणि दिनू ओरडायचा, काका, धंदा करू द्या.

मी व्यवहारी बाई आहे. मला आधी वाटायचं, हे असले मोठे मोठे प्रश्न म्हणजे पेन्शनीतल्या माणसांची चैन. आमच्यासारख्यांना भाकरी थापायच्या असतात. पण तसं नाही. तो प्रश्न भाकरी थापणाऱ्यालाही असतो आणि ती न खाता बसून राहणाऱ्याला तर फारच असतो. एकट्यानं कट्ट्यावर बसून विचारला तर तो माणसाला खाऊन टाकतो. दोघांनी ओसरीवर बसून, चहा पीत, भांडत विचारला तर त्याच्या जोरावर दिवस निघतात. हे काकांनी मला कधी सांगितलं नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढं काकांचे गुडघे गेले, काकूंना दिसेनासं झालं. नागपूरची मुलगी दोघांना न्यायला आली. घर बंद होणार म्हणून गल्ली हळहळली. दूधवालासुद्धा त्या दिवशी पुढच्या दारानं आला.

मी आणि दिनू स्टँडवर पोचवायला गेलो. नागपूरची गाडी लागली होती, गच्च भरलेली. काका खिडकीशी बसले. दिनू खाली उभा, हाताला दुकानातलं काळं तेल तसंच. गाडी निघायची वेळ झाली तरी त्यानं खिडकीची दांडी सोडली नाही. म्हणाला, काका, करार काय होता? सांगितल्याशिवाय कोणी जायचं नाही.

काका एवढेसे झाले. खिडकीतून वाकून ते मोठ्यानं म्हणाले, "सापडलं नाही बाप्पा. लय शोधलं. नाही सापडलं."

गाडीतल्या लोकांनी ते ऐकलं. पलीकडच्या बाईनं विचारलं, काय हरपलं आजोबा? कोणी म्हणालं, पाकीट असेल. कोणी म्हणालं, कवळी असेल. कंडक्टर तिकिटं फाडायचं सोडून आला आणि सगळ्यांना उठवून सीटखाली पाहायला लावलं. बघता बघता अर्धी गाडी खाली वाकली. कोणी पिशव्या सरकवत होतं, कोणी मोबाइलचा उजेड मारत होतं. काका म्हणत होते, अहो, ते इथं नाही हरपलं. पण आमच्याकडच्या माणसांनी एकदा शोधायला घेतलं की ऐकतात थोडीच. काकू डोळ्यांनी दिसत नसताना इतक्या हसत होत्या की मुलीनं त्यांना पाणी दिलं.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. दिनू ओरडून म्हणाला, मले सापडलं तं कोणाले सांगू? काकांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "सिस्टरले सांग. ते अजून घरावरच अटकून राह्यली."

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हाही आतली माणसं वाकलेलीच दिसत होती, आणि त्यांच्या मधोमध काका एकटे ताठ बसून हात हलवत होते. काकांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. त्याच वर्षी थंडीत ते नागपूरला झोपेतच गेले.

त्या दिवशी गाडी दिसेनाशी झाल्यावर दिनूनं बाहीनं तोंड पुसलं. सगळं तेल गालाला लागलं. म्हणाला, चल ताई, दुकान उघडतो. त्याच्या आवाजात काही तरी हललं आणि मला पुन्हा ती जुनी भीती वाटली. काकांचं स्टूल आता रिकामं असणार होतं.

मी म्हटलं, "दुकान कायले?"

तो रागावला असता तर नवल नव्हतं. पण मी विचारून थांबले. पर्स खांद्याला, एक हात स्टँडच्या खांबावर. माझ्याकडे चष्मा नव्हता, नाही तर कपाळावर चढवला असता.

दिनू माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला, तेलकट तोंडानं, पूर्वी जिनिंगवर हसायचा तसा.

"संध्याकाळी घरी येतो," तो म्हणाला. "चहा टाकून ठेव. सांगाले वेळ लागन."